महिन्याची देणी आणि आपली सही

स्मरणिकेसाठी यंदा आपणही काही लिहावे, असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतील लिपिकाची. विद्वत्तापूर्ण लेख लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु रविवारची बैठक संपल्यावर विहाराच्या पायऱ्यांवर सभासद मला जे प्रश्न विचारतात, त्यांतील निम्मे एकाच विषयाचे असतात, हे माझ्या लक्षात आले. एक जण म्हणतो, "भाऊ, माझ्या खात्यातून आपोआप पैसे कापले गेले, ते कोणी कापले?" दुसरा म्हणतो, "विम्याचा हप्ता आपोआप कापला जाणार होता, तो का कापला गेला नाही?" एकाला पैसे गेल्याचे दुःख, तर दुसऱ्याला न गेल्याचे. दोघांनीही कधीतरी कशावर तरी सही केलेली असते आणि ती सही कशावर केली होती, हे दोघांच्याही स्मरणात नसते. म्हणून याच विषयावर चार शब्द लिहावेत असे ठरविले.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतल्या एका ताई पासबुक घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. त्यांचे पती रिक्षा चालवीत. ऑगस्ट महिन्यात अल्पशा आजाराने ते गेले. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत त्यांनी नाव नोंदविलेले होते आणि त्याचे २ लाख रुपये मिळतील, या आशेवर ताई आल्या होत्या. मी पासबुक उघडून पाहिले. आधीच्या वर्षांच्या मे महिन्यात विम्याचा हप्ता कापल्याच्या नोंदी होत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र नोंद नव्हती. खात्यात शिल्लक होती २१२ रुपये, आणि हप्ता होता ४३६ रुपयांचा. दादांनी आपला रोजचा व्यवहार दुसऱ्या खात्यावर नेला होता आणि हे खाते तसेच पडून राहिले होते. बँकेचा संदेश गेला होता, पण तो बंद पडलेल्या जुन्या मोबाईल क्रमांकावर. २२४ रुपये कमी पडले आणि २ लाखांचे संरक्षण संपले. ताईंना ते समजावून सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हते.

या प्रसंगात लबाडी कोणी केली नव्हती. आदेश दिलेला होता, यंत्रणा चालू होती, पण आदेश पाळण्यापुरते पैसे खात्यात नव्हते आणि घरात दुसऱ्या कोणाला त्या आदेशाची माहिती नव्हती. आपोआप भरणा म्हणजे काळजी संपली, असा आपला समज असतो. वास्तविक दरमहा रांगेत उभे राहण्याचे कष्ट संपतात, लक्ष ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. या लेखात सांगावयाचे मुख्यतः एवढेच आहे.

आपोआप भरणा म्हणजे काय?

आपण धनादेश लिहितो तेव्हा एका व्यक्तीला, एका तारखेला, एक ठरावीक रक्कम देण्याचा आदेश बँकेला देतो. आपोआप भरण्याच्या पद्धतीत हाच आदेश आपण एकदाच देतो आणि तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालू राहतो. म्हणजे जणू आपली सही बँकेत ठेवून आपण घरी निघून येतो. या आदेशाला व्यवहारात मँडेट असे म्हणतात. जुने लोक आजही त्याला ईसीएस म्हणतात, कारण १९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने ही पद्धत त्या नावाने सुरू केली. आज ते काम नॅच या यंत्रणेमार्फत होते. ती भारतीय राष्ट्रीय देयके निगम, म्हणजेच एनपीसीआय ही संस्था चालविते.

सर्वसामान्य कुटुंबापुढे आज चार वाटा आहेत.

१) स्थायी सूचना. आपल्याच बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दरमहा रक्कम वळविणे. आवर्ती ठेव भरणे किंवा त्याच बँकेच्या कर्जाचा हप्ता देणे यासाठी हा मार्ग सर्वांत सोपा. शाखेत एक अर्ज दिला की काम होते.

२) नॅच मँडेट. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक यांसाठी. अर्जावर सही करून, किंवा नेटबँकिंग, डेबिट कार्ड अथवा आधार यांच्या आधारे तो देता येतो. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते. पूर्वी रविवार किंवा सुट्टी आली की हप्ता दुसऱ्या दिवशी जाई आणि आपल्याला एक दिवसाची सवड मिळे. ती सवड आता नाही. तारीख रविवारची असली तरी पैसे शनिवारी खात्यात हवेत.

३) कार्डावरील मँडेट. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून दरमहा होणारी वजावट. याबाबत रिझर्व्ह बँकेचे कडक नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले.

४) युपीआय ऑटोपे. मोबाईलमधील युपीआय ॲपवरून दिलेला आदेश. ही सोय एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये सुरू केली. आदेश देताना एकदा पिन टाकावा लागतो, त्यानंतरच्या वजावटीला पिन लागत नाही.

तिसऱ्या व चौथ्या वाटेसाठी असलेला एक नियम सर्वांनी पाठ करावा. वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. किती रक्कम, कोणाला आणि केव्हा जाणार, हे त्या संदेशात असते. फास्टॅग आपोआप भरण्यासारखे अपवाद सोडले, तर ही सूचना आपला हक्क आहे. त्याचप्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी रक्कम ग्राहकाने पुन्हा संमती दिल्याशिवाय जात नाही. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये विमा हप्ता, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यापुरती १ लाख करण्यात आली. परंतु सूचना येते ती बँकेत नोंदविलेल्या मोबाईलवर. क्रमांक बदलला असेल तर आधी शाखेत जाऊन तो बदलून घ्या, बाकी सर्व नंतर.

अर्जावर काय वाचावे?

मँडेटचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि एजंट घाईत असतो. तो पेन पुढे करतो व फुली मारलेल्या जागी आपण सही करतो. सही करण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पैसे कोणाला जाणार त्या कंपनीचे नाव. दुसरी, रक्कम ठरावीक आहे की कमाल मर्यादा आहे. हप्ता ३,००० रुपयांचा आणि अर्जावर कमाल मर्यादा १०,००० अशी लिहिलेली मी अनेकदा पाहतो. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असे नव्हे, पण मर्यादा एवढी का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तिसरी, वजावट दरमहा, तिमाही की वार्षिक. चौथी, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. कर्ज पाच वर्षांचे असेल, तर मँडेट वीस वर्षांचे कशासाठी? पाचवी, कोरा अर्ज. रकमेचा रकाना मोकळा असताना सही करू नये, मग समोर आपला जावई उभा असला तरीही.

इंग्रजी वाचता येत नसेल तर काउंटरवरील माणसाला विचारावे, "हे मला मराठीत सांगा." यात कमीपणा काहीच नाही. न विचारता सही करणारा ग्राहक नंतर तीन वेळा शाखेत येतो, विचारणारा एकदाच येतो. मँडेट मंजूर झाल्यावर त्याला युएमआरएन नावाचा वीस अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा व लिहून ठेवावा. पुढे आदेश थांबविताना हाच क्रमांक लागतो.

कोणते देणे आपोआप द्यावे?

सरसकट सर्व देणी आपोआप भरण्यावर टाकू नयेत. मी तीन गट करतो.

पहिला गट, चुकले तर मोठे नुकसान होते अशी देणी. विमा आणि कर्ज यांचा यात क्रमांक पहिला. आयुर्विम्याचा हप्ता मासिक असेल तर सवलतीचे दिवस १५, आणि तिमाही, सहामाही वा वार्षिक असेल तर ३० असतात. त्यानंतर पॉलिसी बंद पडते. जीवन ज्योती योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. हप्ता ४३६ रुपये, वय १८ ते ५० असताना प्रवेश घेता येतो. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला केवळ २० रुपये असून अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या खात्यात किमान ५०० रुपये असलेच पाहिजेत. खंड पडल्यावर जीवन ज्योती योजनेत पुन्हा प्रवेश घेतला, तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाल्यास संरक्षण मिळत नाही. अटल पेन्शन योजनेचा हप्ताही खात्यातून आपोआपच जातो. या सर्वांची नोंद एकत्र ठेवावी.

दुसरा गट, दरमहा येणारी पण रक्कम बदलणारी बिले. वीज, टेलिफोन, नळाचा गॅस यांचा यात समावेश होतो. येथे आपोआप भरणा ठेवावा, पण कमाल मर्यादा घालून. विजेचे बिल साधारण १,४०० येत असेल तर मर्यादा २,००० ठेवावी. एखाद्या महिन्यात रीडिंग चुकले आणि बिल ९,००० चे आले, तर ते आपोआप जाणार नाही, आपल्याला तक्रार करण्यास वेळ मिळेल. मात्र अशा वेळी बिल भरले गेलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. महावितरणच्या बिलावर लवकर भरल्यास, देय दिनांकापर्यंत आणि देय दिनांकानंतर अशा वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात, त्या पाहाव्यात. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असे वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सांगितले आहे. ज्यांना आदेश द्यावयाचा नाही, त्यांनी भारत बिल पेमेंट यंत्रणेतून, जिला आता भारत कनेक्ट म्हणतात, बिल स्वतः पाहून भरावे. तेही रांगेशिवायच होते.

तिसरा गट, ज्यांच्यावाचून अडत नाही अशी देणी. चित्रपटांची ॲप, खेळ, मासिक वर्गणीची दुकाने. यांना शक्यतो मँडेट देऊच नये. दिले तर संपण्याची तारीख जवळची ठेवावी.

खात्यात पैसे असण्याचे गणित

समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न २६,००० रुपये आहे. घरकर्जाचा हप्ता ७,२००, विमा १,३५०, मुलीच्या नावाची आवर्ती ठेव १,०००, विजेची कमाल मर्यादा २,००० आणि मोबाईल व इंटरनेट ६००. बेरीज होते १२,१५०. म्हणजे पगार १ तारखेला होत असेल तर या सर्व तारखा ३ ते ७ च्या दरम्यान मागून घ्याव्यात, आणि ८ तारखेपर्यंत या १२,१५० रुपयांना हात लावू नये. वर आणखी हजार रुपये शिल्लक ठेवावेत. ८ तारखेनंतर जे उरेल, तेच घरखर्चाचे पैसे. आपण बहुधा उलट करतो. आधी खर्च करतो आणि हप्त्याच्या दिवशी शेजाऱ्याकडे हात पसरतो. ज्यांना पगार नाही, रोजंदारी किंवा छोटा धंदा आहे, त्यांनी देण्यांसाठी एक वेगळे बचत खाते ठेवावे व दर आठवड्याला ठरलेली रक्कम त्यात टाकावी.

हप्ता परत गेला, म्हणजे आपल्या भाषेत बाऊन्स झाला, तर बँक आकार लावते, त्यावर जीएसटी लागतो, आणि कर्ज देणारी संस्थाही वेगळा दंड आकारते. एका न गेलेल्या हप्त्यापायी दोन्हीकडून भुर्दंड बसतो. शिवाय कर्जफेडीच्या इतिहासात नोंद होते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. धनादेश न वटल्यास जशी फौजदारी कारवाई होऊ शकते, तशीच पुरेशा शिलकीअभावी इलेक्ट्रॉनिक आदेश परत गेला तरी होऊ शकते. देयके व समायोजन प्रणाली कायदा २००७, कलम २५ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे घाबरविण्यासाठी सांगत नाही. हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज करावा, गप्प बसू नये, यासाठी सांगतो.

आदेश थांबविणे

दिलेला आदेश मागे घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. नॅच मँडेटसाठी शाखेत युएमआरएन क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि कंपनीलाही कळवावे. पुढील वजावटीच्या काही दिवस आधी हे करावे. आदल्या संध्याकाळी धावत येऊन उपयोग होत नाही. युपीआयचा आदेश ॲपमधील ऑटोपे या विभागात जाऊन रद्द करता येतो किंवा काही काळ थांबविता येतो. परंतु मँडेट रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही. हप्ता देणे लागतोच, फक्त तो कसा द्यायचा ते आपल्या हाती राहते.

न दिलेल्या आदेशावर पैसे गेले, तर त्याच दिवशी बँकेला कळवावे व तक्रार क्रमांक घ्यावा. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले. त्यात कळविण्यास जितका उशीर तितका आपला तोटा, असे तत्त्व आहे. फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याच्या माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यासाठी थोडे वेगळे सांगतो. तुमच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होते. "एक रुपयात महिनाभर मोफत" अशी जाहिरात पाहून तुम्ही मोबाईलवर पिन टाकता. तो पिन एका रुपयासाठी नसतो, पुढच्या प्रत्येक महिन्याच्या वजावटीसाठी असतो. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर "दरमहा" आणि कमाल रक्कम लिहिलेली असते, ती वाचा. आमच्या शाखेत एक विद्यार्थी परीक्षेची फी भरण्यासाठी आला, तेव्हा शिष्यवृत्तीतील सुमारे दीड हजार रुपये तीन ॲपनी थोडे थोडे करून नेलेले होते. "पण मी ती ॲप केव्हाच काढून टाकली," तो म्हणाला. मोबाईलमधून ॲप काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले. तुम्हाला आज कळावे. हा लेख वाचून झाला की आपले युपीआय ॲप उघडा, ऑटोपे विभाग पाहा, आणि नको ते आदेश रद्द करा. मग आई-वडिलांच्या मोबाईलवरही तेच करून द्या. शैक्षणिक कर्ज घ्यावयाचे असेल तेव्हा तुमचा परतफेडीचा इतिहास तपासला जातो. उसनवारीवर घेतलेल्या मोबाईलचा चुकलेला हप्ता तेथे दिसतो.

आणि एक लक्षात ठेवा, पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी बक्षिसासाठी किंवा परताव्यासाठी पिन टाका म्हणत असेल, तर तो तुमच्याकडून आदेश घेत आहे.

एक वही

शेवटी सर्वांत साधा उपाय. दहा-वीस रुपयांची एक वही आणा. तीत प्रत्येक आदेशासाठी एक ओळ लिहा. देणे कशाचे, कोणाला, कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला, कमाल किती, केव्हा संपणार, आणि युएमआरएन क्रमांक. शेवटच्या पानावर विमा व पेन्शन योजनांची नावे आणि वारस म्हणून कोणाचे नाव नोंदविले आहे ते लिहा. पिन आणि पासवर्ड मात्र लिहू नका. ही वही पासबुकासोबत ठेवा आणि घरातील दुसऱ्या एका माणसाला, विशेषतः पत्नीला, ती वाचून दाखवा. खातेदार गेल्याची नोंद बँकेत झाली की त्या खात्यातील व्यवहार थांबतात. मग कोणते हप्ते चालू होते आणि कोठे हक्क सांगावयाचा आहे, हे त्या वहीशिवाय घरच्यांना कोण सांगणार? वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, वही आणि पासबुक शेजारी ठेवून पडताळून पाहा.

ज्या ताईंची गोष्ट आरंभी सांगितली, त्या आज एका शाळेत पोषण आहार शिजविण्याचे काम करतात. त्यांनी स्वतःच्या नावे दोन्ही विमा योजना घेतल्या आहेत. दरवर्षी मे महिन्याच्या पंधरवड्यात त्या माझ्या काउंटरवर येतात, पाचशे रुपये भरतात आणि पासबुक छापून घेतात. जून महिन्यात पुन्हा येतात, वजावटीच्या दोन्ही नोंदींवर बोट ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, गेले ना पैसे?" मी "गेले" म्हणतो, तेव्हा त्या समाधानाने पासबुक पिशवीत ठेवतात. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा हा प्रश्न आपल्या बँकेत जाऊन विचारला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.